पदवीच्या मूल्याचा तेविसावा रकाना

रविवार, दिनांक १ जून, सकाळचे सात वाजून बारा मिनिटे झाली होती आणि आमच्या इमारतीच्या जिन्यातील भेगेची तीनपैकी दोन मापे घेऊन झाली होती, तेव्हा बॅटरी धरून उभ्या असलेल्या माझ्या नातीने मला सांगितले की ती भूविज्ञानाच्या पदवीला जाणार आहे. तिसरे माप चुकले. गेल्या अकरा वर्षांतील एकशे बत्तीस नोंदींत माप चुकण्याचा हा पहिलाच प्रसंग होय, आणि तो मी नोंदवहीत शेऱ्यासह नमूद केला आहे: ‘निरीक्षकास धक्का बसल्यामुळे पुनर्मापन.’

येथे भेगेविषयी दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. मी तंत्रनिकेतनाचा पदविकाधारक असून चौतीस वर्षे एका कारखान्याच्या तपासणी विभागात होतो. निवृत्तीनंतर सोळा बिऱ्हाडांच्या आमच्या सोसायटीचे सचिवपद माझ्याकडे चालत आले, म्हणजे इतर पंधरा जणांनी हात वर केले नाहीत. त्याच वर्षी जिना आणि मुख्य इमारत यांच्या सांध्यात ही भेग दिसली. तळमजल्यावरील विमावाल्यांनी इमारत पडणार म्हणून बोंब ठोकली. ही केवळ गिलाव्याची भेग आहे असा निर्वाळा मी दिला आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती व्हर्निअर कॅलिपरने मोजण्याचे व्रत घेतले. पद्धत अशी: तीन मापे, त्यांची सरासरी, आणि तिची मागील महिन्याशी तुलना. फरक मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून कमी असल्यास शेरा ‘बदल नगण्य’. हा शेरा मी आजवर सलग लिहीत आलो आहे. त्या दिवशीचे माप अकरा पूर्णांक शून्य, मागचे दहा पूर्णांक चौऱ्याण्णव. बदल नगण्य.

मापन संपल्यावर भेगेतून काढून ठेवलेले वर्तमानपत्र मी काखेत मारले. आमचा पेपरवाला पूर्वी पेपर उंबऱ्यावर भिरकावत असे. गेली दोन वर्षे तो व्यवस्थित घडी करून भेगेत खोचून ठेवतो. माणसाला वळण लागायला वेळ लागतो, पण लागते.

“आजोबा,” नात म्हणाली, “एकदा नोंदवहीच्या पहिल्या पानाशी ताडून बघू या का?”

मी तिला सांगितले की मध्येच पद्धत बदलणारा निरीक्षक आणि मध्येच वाट बदलणारा बसचालक यांत फरक नसतो. ती गप्प झाली. ती गप्प झाली की आपण जिंकलो, असा माझा त्या वेळेपर्यंत समज होता.

आता मुख्य विषय. मुलगा आणि सूनबाई दोघेही बदलीच्या नोकरीत, सध्या अशा ठिकाणी की जेथे फोन लागला तर हवामान चांगले आहे असे समजावे. नात शिक्षणासाठी आमच्याकडे राहते. त्याच दुपारी फोन लागला. मुलगा म्हणाला, “बाबा, पालक म्हणून सही तुम्हीच करायचीय. पैसे तुमच्या खात्यात ठेवलेत. तुम्ही तपासून घ्या आणि ठरवा, आम्ही मध्ये बोलणार नाही.” एवढे बोलून तो खरोखरच मध्ये बोलला नाही, कारण फोन बंद पडला.

‘तपासून घ्या’ हे शब्द त्याने कोणासमोर उच्चारले याचे भान त्याला नसावे. प्रवेशअर्जाची मुदत शुक्रवार, १३ जून, सायंकाळी पाच. माझ्या सहीविना अर्ज रद्द आणि पोरीचे वर्ष फुकट. मी भिंतीवरच्या कॅलेंडराची मागची कोरी बाजू घेतली, पट्टीने तेवीस रकाने आखले आणि प्रवेशअर्ज हरवू नये म्हणून त्या तक्त्याच्या पाठीला टाचण्यांनी टाचून टाकला. तक्ता पूर्ण झाला की तो उलटायचा आणि अर्जावर सही करायची, तोपर्यंत नाही.

पहिले पंधरा रकाने खर्चाचे होते. चार वर्षांचे शुल्क, वसतिगृह, पुस्तके येथवर ठीक होते. मग नातीने दिलेल्या यादीत ‘क्षेत्रभेट’ निघाली, तीही वर्षातून दोनदा, आणि तीत काय करतात असे विचारता ‘डोंगर बघतात’ असे उत्तर मिळाले. डोंगर बघण्यास शुल्क पडते हे ऐकून मी काही काळ पट्टी खाली ठेवली. पुढे जाड तळाचे बूट, होकायंत्र, भिंग आणि हातोडा. हातोड्याच्या रकान्यात मी समाधानाने ‘घरी उपलब्ध’ असे लिहिले. नातीने सौम्यपणे सांगितले की घरातल्या हातोड्याने दगड फुटणार नाही, हातोडा फुटेल. तो हातोडा मला कारखान्याने निरोपसमारंभात दिलेला आहे. त्या दिवशी मी भात कमी जेवलो.

सोळा ते बावीस हे रकाने तज्ज्ञांच्या मतांसाठी होते. माझ्या परिचयात भूवैज्ञानिक एकही नसल्याने मी इमारतीतील उपलब्ध तज्ज्ञांकडे वळलो.

विमावाल्यांनी चष्मा काढून विषयाचा साकल्याने विचार केला. भूगर्भ म्हणजे शेवटी पाताळ, आणि पाताळात गेलेला माणूस चार पैसे घेऊन वर आल्याचे त्यांच्या ऐकिवात नव्हते. मात्र मुलगी जाणारच असेल तर अपघाताची एक उत्तम योजना त्यांच्याकडे होती, आणि डोंगर बघताना दरडीखाली सापडल्यास दुप्पट रक्कम मिळत होती. कोणाला मिळते, हे मी विचारले. “तुम्हाला,” ते म्हणाले. मी त्यांचे मत अठराव्या रकान्यात ‘पूर्वग्रहदूषित’ या शेऱ्यासह घेतले.

दुसऱ्या मजल्यावरील दंतवैद्यबाईंशी माझे संबंध जुने आणि सलोख्याचे. इमारतीमागे रस्त्याचा उतार अडवून धरणारी दगडी आधारभिंत आहे. तिच्यातल्या भोकांमधून पूर्वी गढूळ पाणी ठिबकत असे आणि डास होत. मी सचिव झालो त्याच वर्षी बाईंनी सुचवले आणि मी समक्ष उभा राहून ती सर्व चोवीस भोके सिमेंटने बुजवून घेतली होती. इतके सुबक काम मी क्वचितच पाहिले आहे. तर बाई म्हणाल्या, “हे बघा सचिवसाहेब, दात म्हणजे तरी काय, दगडच. पण दात ठणकला की माणूस रात्री दोन वाजता फी घेऊन दारात उभा राहतो. डोंगर ठणकला तर कोण येणार?” हा मुद्दा मला बिनतोड वाटला व मी तो एकोणिसाव्या रकान्यात लाल शाईने उतरवला.

आमच्या सौभाग्यवतींचे मत मी मागितले नव्हते. ते विसाव्या रकान्यासाठी आपण होऊन मिळाले. “तुम्ही यंत्रं शिकायला गेलात तेव्हा तुमच्या वडिलांनी केला होता का असा तक्ता? केला असता तर बरं झालं असतं. इतकी वर्षं झाली, घरातला मिक्सर मीच दुकानात नेऊन दुरुस्त करून आणते.” मी त्यांना समजावून सांगितले की तपासणी विभागाचे काम दोष दाखवणे हे असते, दुरुस्ती हा वेगळा विभाग. त्या म्हणाल्या की हे लग्नानंतर आठवड्यातच त्यांच्या लक्षात आले होते.

आता उरला तेविसावा रकाना: ‘पदवीचे मूल्य.’ एकक: रक्कम, दरमहा. येथे ऐकीव माहिती चालणार नव्हती. रिकामा रकाना हे माझ्या मते अर्धवट घातलेल्या सदऱ्यासारखे दृश्य आहे. म्हणून मंगळवार, १० जून रोजी मी शहरातील भूवैज्ञानिक कचेरीत गेलो. हेतू एकच, तेथील भूवैज्ञानिकास पगार किती मिळतो हे प्रत्यक्ष विचारणे.

खिडकीमागील लिपिकाने माझा प्रश्न पूर्ण ऐकला. मग त्याने सांगितले की तोंडी माहिती देण्याची तरतूद नाही, अर्ज करावा लागेल. माहितीचा अर्ज कोणता, तर तो संपला आहे, छापायला गेला आहे. उपलब्ध आहे तो नमुना सात. तो भरला की आवक क्रमांक मिळतो, आवक क्रमांक मिळाला की मग काहीही विचारता येते. नमुना सात हा ‘स्थळ तपासणीची विनंती’ या नावाचा होता. मला स्थळ तपासून घ्यायचे नव्हते हे मी म्हटले. तो म्हणाला की तसे पाहिले तर त्यालाही तपासायचे नव्हते, त्या रकान्यांत फक्त रेघ मारा.

येथे माझी प्रकृती आड आली. मी रेघ मारू शकत नाही. ‘स्थळ’ या रकान्यात मी आमचा पत्ता लिहिला, कारण तो मला ठाऊक होता. ‘आढळलेला दोष’ यात ‘जिना व इमारत यांमधील भेग, ११.०० मि.मी., नियंत्रणाखाली’ असे लिहिले, कारण ते सत्य होते. ‘पूर्वीच्या नोंदी असल्यास जोडाव्यात’ हे वाचल्यावर माझा ऊर भरून आला. असे कोणी मला अकरा वर्षांत विचारले नव्हते. मी रस्ता ओलांडून दुकानात गेलो, पिशवीतील नोंदवहीच्या एकशे बत्तीस नोंदींच्या तीन-तीन प्रती काढल्या आणि त्या जोडून शिक्का घेतला. मग पगार विचारला. ते काम लेखा शाखेकडे होते, लेखा शाखा चौथ्या मजल्यावर होती आणि त्या दिवशी तिला कुलूप होते.

मी रिकाम्या रकान्यासह घरी आलो. नातीने तक्त्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि अभ्यासाच्या खोलीचे दार लावले. दार लागेना, चौकटीत वरच्या बाजूस अडकत होते. मी तिला सांगितले की लाकूड फुगते.

बुधवार गेला, गुरुवार गेला. लेखा शाखा दोन्ही दिवस बंद होती. नातीने सही करा असे एकदाही म्हटले नाही. ती फक्त जेवताना घड्याळाच्या बाजूला तोंड करून बसू लागली. सौभाग्यवतींनी दोन्ही वेळा मला न विचारता वाढले, ही आमच्या घरात शेवटची पायरी असते.

शुक्रवार, १३ जून, सकाळी अकरा वाजता इमारतीसमोर एक सरकारी जीप उभी राहिली. अर्ज केल्यावर तीन दिवसांत सरकारी जीप येते, हा माझ्या आयुष्यातील अनुभवांशी इतका विसंगत प्रकार होता की मी प्रथम तिच्या क्रमांकाची खातरजमा केली. जीपमधून पायांत चिखलाने भरलेले बूट घातलेल्या एक मध्यमवयीन बाई उतरल्या. त्यांच्या हातात माझ्या नोंदवहीच्या प्रती होत्या.

“हे मोजमाप कुणी केलं?”

मी पुढे झालो. शेजारी खिडक्यांतून पाहत होते, विमावाले बनियनवर बाहेर आले होते. असा क्षण नम्रतेने घ्यायचा असतो. मी फक्त चष्मा नीट केला.

“अकरा वर्षं? एक महिना न चुकता?” त्या म्हणाल्या. “आमच्या कचेरीला असं कधी जमलं नाही. काका, हे सोनं आहे.”

विमावाल्यांकडे मी पाहिले नाही. पाहण्याची आवश्यकता नव्हती.

“आणि फरक कशाशी काढत होतात?”

“मागील महिन्याशी,” मी म्हणालो. “तीच रूढ पद्धत आहे.”

त्यांनी पहिले पान काढले. मग शेवटचे काढले. दोन्ही पाने त्यांनी जीपच्या टपावर शेजारी शेजारी ठेवली आणि माझ्याकडे न पाहता त्या इमारतीमागे चालू लागल्या. मी ती पाने वाचली. पहिली नोंद: १.८०. शेवटची नोंद: ११.००. फरक: ९.२०.

धक्का या शब्दाचा मी या लेखात पूर्वी केलेला वापर मागे घेतो.

महिन्याला मिलिमीटरचा सुमारे चौदावा भाग. दरवेळी मर्यादेच्या आत, दरवेळी नगण्य, दरवेळी माझी सही. चौतीस वर्षे ज्याने इतरांच्या मालात चूक काढली, त्याने एकशे एकतीस नगण्यांची बेरीज केली नव्हती. पेपरवाल्याला वळण लागलेले नव्हते. भेग पेपराएवढी रुंद झाली होती.

बाई आधारभिंतीपाशी उभ्या होत्या. भिंतीला मधोमध पोट सुटले होते. “इमारत जागेवर आहे,” त्या म्हणाल्या. “जिना सरकतोय, कारण त्याचा पाया या भिंतीला लागून आहे आणि भिंत पुढे येतेय. मागच्या मातीत पाणी तुंबलंय. निचऱ्याची भोकं कुठायत?”

दंतवैद्यबाई एव्हाना खाली आल्या होत्या. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले नाही. “बुजवली,” मी म्हणालो. “चोवीस. डास होत होते.”

“नीट बुजवलीत,” बाई हात फिरवून म्हणाल्या. हे कौतुक नव्हते.

पुढच्या दोन तासांत त्यांनी एकेका बिऱ्हाडाला, एका वेळी दोघांनाच, सामानाशिवाय जिना उतरायला लावले. एकसष्ट माणसे खाली आल्यावर जिन्याला दोरी बांधली आणि अग्निशमन दलाला कळवले. पुरुषमंडळी मैदानात घोळक्याने उभी राहून, हे आपण केव्हाचेच सांगत होतो, असे एकमेकांना सांगू लागली. विमावाल्यांनी खरोखरच अकरा वर्षांपूर्वी सांगितले होते, आणि त्याची त्यांनी मला चारदा आठवण करून दिली. मी चारही वेळा ‘नोंद घेतली’ असे उत्तर दिले.

भूवैज्ञानिक बाई माझ्याकडे परत आल्या. आवाज चढवला नव्हता, तरी घोळका ऐकायला पुढे सरकला. “काका, एक समजत नाही. इतक्या नीट नोंदी. हे कुणाच्याच लक्षात आलं नाही?”

मी तोंड उघडण्याआधी माझी नात पुढे आली. “आजोबांनी नोंदी ठेवल्या म्हणून तर तुम्हाला दिसलं,” ती म्हणाली. “नसत्या ठेवल्या तर काहीच नसतं दिसलं.”

एवढेच म्हणाली. तिच्या वहीत, जी ती छातीशी धरून खाली आली होती, काय आहे हे मला त्या क्षणी कळले. मी वही मागितली. तिने द्यायला वेळ लावला. आत आलेखाचा कागद होता, एकशे बत्तीस ठिपके, पेन्सिलीची वर जाणारी रेघ, आणि आलेख सुरू केल्याची तारीख दीड वर्षापूर्वीची. खाली बारीक अक्षरांत: ‘का सरकतंय? मोजून कळत नाही. शिकावं लागेल.’

मी वही भूवैज्ञानिक बाईंच्या हाती दिली. “हिच्या लक्षात आले होते,” मी सर्वांसमक्ष म्हणालो. “हिने मला सांगितले. मी ऐकले नाही.” हे वाक्य उच्चारण्यास मला किती वेळ लागला ते मी मोजले नाही.

बाईंनी आलेख बराच वेळ पाहिला. “कुठल्या वर्षाला आहेस?”

“अजून प्रवेश नाही,” नात म्हणाली. “आज पाचपर्यंत मुदत आहे.”

“मग इथे काय करतेस?”

या प्रश्नाचे उत्तर तिसऱ्या मजल्यावर, आमच्या जेवणाच्या टेबलावर, तेवीस रकान्यांच्या तक्त्याच्या पाठीला टाचलेले होते, आणि जिन्याला दोरी होती. वेळ दुपारची एक वाजून पन्नास मिनिटे.

अग्निशमन दलाची गाडी दोन वाजून वीस मिनिटांनी आली. शिडी समोरच्या बाजूने लावून जवान बाल्कन्यांतून आत जाणार होते. प्रत्येक बिऱ्हाडाची एकच वस्तू, हातात मावेल अशी. रांग लागली. दंतवैद्यबाईंनी रुग्णांची खुर्ची मागितली. त्यांना हाताचे माप समजावून सांगण्यात सतरा मिनिटे गेली. विमावाल्यांना स्वतःच्या घराची विमापत्रे हवी होती, आणि ती कोठे आहेत हे आठवेना, कारण शेवटचा हप्ता त्यांनी भरलेला नव्हता. आमची पाळी तीन वाजून पाच मिनिटांनी आली.

“काय आणायचं, आजोबा?” जवानाने विचारले.

माझा व्हर्निअर कॅलिपर त्याच टेबलावर होता. चौतीस वर्षांचा सोबती. त्याची पेटीही मी मखमलीची शिवून घेतली आहे. सौभाग्यवती माझ्याकडे पाहत होत्या. नात पाहत नव्हती.

“टेबलावर एक मोठा कागद आहे,” मी म्हणालो. “रकाने आखलेला.”

जवान वर गेला आणि बाल्कनीत येऊन ओरडून विचारू लागला की कागदावर ‘डोंगर ठणकला तर कोण येणार’ असे लाल शाईत लिहिले आहे, तोच का. सबंध मैदानाने ते ऐकले. दंतवैद्यबाई जीपच्या दिशेने पाहू लागल्या. मी तोच, असे सांगितले.

अग्निशमन गाडीच्या गरम बॉनेटवर तक्ता उलटा पसरून, टाचण्या काढून, मी अर्जावर सही केली. सही किंचित हलली आहे. इंजिन चालू होते. जीप कचेरीकडे परतत होती आणि महाविद्यालय वाटेवरच होते. नात जीपमध्ये बसली. मी काचेपाशी गेलो आणि भूवैज्ञानिक बाईंना, विषयाला सोडून होते तरी, विचारले की आपल्याला पगार किती मिळतो.

त्यांनी आकडा सांगितला. मी तो ऐकून हळहळलो, आणि माझ्या चेहऱ्यावर ते दिसले असावे.

“कमी आहे, माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “लिहून घ्या, काका. तुम्ही लिहून घेता ना.”

जीप गेली. अर्ज चार वाजून एकेचाळीस मिनिटांनी स्वीकारला गेला. पोच माझ्याकडे आहे. भोके दोन आठवड्यांत मोकळी झाली, चोवीसच्या चोवीस, आणि त्यांतून तीन दिवस गढूळ पाणी वाहत होते. भिंतीला टेकू लागले, जिन्याचा पाया नव्याने धरला गेला आणि चार महिन्यांनी आम्ही घरी आलो. दर पहिल्या रविवारी मी अजूनही मोजतो. तुलना आता पहिल्या पानाशी करतो. हातोडा नवीन घेतला, तो माझ्या निवड तपासणीतून पास झालेला आहे.

तक्ता मी जपून ठेवला आहे. बाईंनी सांगितलेला आकडा मी लिहून घेतला, परंतु तो समासात. रिकामा रकाना मला झोपू देत नाही, म्हणून त्याच संध्याकाळी मैदानात बसून, एकक चुकत आहे हे पूर्ण जाणून, मी तेविसावा रकाना पेनाने भरला. पदवीचे मूल्य: ९.२० मिलिमीटर.